दसऱ्याची ग्रंथपूजा आणि माळ्यावरचे बासन

आश्विन शुद्ध दशमीच्या प्रातःकाळी घरोघर पाट मांडला जातो. पाटावर धूतवस्त्र, वस्त्रावर पाटी, पाटीवर एकाच्या आकड्यांनी रेखलेली सरस्वती आणि तिच्या शेजारी घरातील ग्रंथ. मुलांची शालेय पुस्तके, दुकानदाराची चोपडी, आणि ज्या घरी पूर्वापार चालत आलेली आहे तेथे दोन फळ्यांमध्ये आवळून लाल बासनात बांधलेली पोथी. तिच्यावर गंध, अक्षता, झेंडूचे फूल, आपट्याचे पान. सायंकाळी सीमोल्लंघन होते, सोने लुटले जाते, आणि दुसऱ्या दिवशी पोथी पुन्हा माळ्यावर जाते. बासनाची गाठ मात्र तशीच असते. काही घरी ती दोन-दोन पिढ्यांत सुटलेली नाही, हे कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव फिरताना मी पाहिले आहे. यजमान मोठ्या अभिमानाने सांगतात, "बुवा, आमच्याकडे तीनशे वर्षांची पोथी आहे." कोणती, असे विचारले की घरातील मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

वास्तविक नवरात्रातील सरस्वतीपूजनाचा विधी फार अर्थपूर्ण आहे. मूळ नक्षत्रावर ग्रंथांच्या ठायी देवीचे आवाहन, पूर्वाषाढा नक्षत्रावर पूजन, उत्तराषाढेवर बलिदान आणि श्रवण नक्षत्रावर विसर्जन असा त्याचा क्रम. या काळात अध्ययन, अध्यापन आणि लेखन वर्ज्य मानले आहे. ज्या 'धर्मसिंधू'चा आधार घेऊन आजही महाराष्ट्रात सणवारांचे निर्णय केले जातात, तो ग्रंथ काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांनी १७९० साली आमच्या पंढरपुरात सिद्ध केला. म्हणून या विषयावर बोलण्याचा आम्हां पंढरपूरकरांना किंचित अधिकार आहे असे मानतो! विधीचे मर्म असे की, हा विराम थोड्या दिवसांचा आहे. विसर्जन झाले की ग्रंथ उघडावयाचा आणि अध्ययन पुन्हा सुरू करावयाचे. विसर्जन होते ते आवाहन केलेल्या देवतेचे, आणि तेही अक्षता वाहून, पुनरागमनाची प्रार्थना करून. ग्रंथ घरीच राहतो.

हे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, 'विसर्जन' या शब्दाचा अलीकडे भलताच अर्थ रूढ झाला आहे. पितृपक्ष सरतो, घरे झाडली जातात, माळे रिकामे होतात आणि जीर्ण पोथ्या, देवादिकांच्या तसबिरी, जुन्या पत्रांचे गठ्ठे पिशव्यांत भरून चंद्रभागेच्या घाटावर येतात. रद्दीत देणे मनाला बरे वाटत नाही, घरी ठेवावयास जागा नाही. मग नदीला अर्पण केले की कर्तव्य संपले. भावना सात्त्विक असते, याविषयी माझ्या मनात संशय नाही. परंतु काजळीच्या शाईने लिहिलेली पोथी पाण्यात पडली की घटकाभरात तिची अक्षरे उठतात आणि पाण्यावर काळी साय धरते. ज्या हातांनी ती लिहिली त्या हातांचे श्रम आपण त्या घटकेला पुसून टाकतो. धर्मनिबंधांतून विद्यादानाच्या प्रकरणांत पुस्तक लिहवून देण्याचे माहात्म्य सांगितले आहे. बुडविण्याचे पुण्य कोठे सांगितलेले माझ्या वाचनात नाही.

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदाच्या अखेरीस असेच एक कुटुंब माझ्याकडे आले. मूळचे आमच्याच गावचे, आता पुण्यास स्थायिक झालेले. येथील वाडा विकासकाच्या हाती गेला होता आणि चार दिवसांत तो पडावयाचा होता. माळ्यावर निघालेले एक गाठोडे घेऊन ते घाटाकडे निघाले होते. "शास्त्रीबुवा, दोन मंत्र म्हणा, म्हणजे आम्ही हे पाण्यात सोडतो," असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, मंत्र म्हणतो, पण आधी आत काय आहे ते पाहू. ओसरीवर सतरंजी अंथरून गाठोडे सोडले. वरच श्रीधरस्वामींच्या 'हरिविजया'ची शिळाछाप पोथी होती; तिची कडा वाळवीने खाल्लेली. खाली मोडीतील हिशेबाचे कागद, दोन-तीन जन्मपत्रिका, पोस्टकार्डांचा जुडगा, पुठ्ठ्यावर चिकटविलेले एक छायाचित्र आणि एक बाड.

बाड म्हणजे काय हे नव्या वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. लांबट, अरुंद, आखूड बाजूस शिवलेली आणि वरच्या दिशेने उलटत जाणारी वही. आम्हां कीर्तनकारांच्या घरी अशी बाडे असतात, त्यांत पदे, आख्याने, साक्या, दिंड्या उतरविलेल्या असतात. हे बाड मात्र त्या घरातील एका बालविधवा आत्याबाईंचे होते. अक्षर मोठे, वळणास कच्चे, पण निर्धाराचे. प्रौढपणी लिहावयास शिकलेल्या माणसाचे. पहिल्या पानांवर भूपाळ्या, पुढे काढ्यांची औषधे, मग उसने दिल्या-घेतल्याच्या नोंदी, आणि शेवटी घरात जन्मलेल्या मुलांची टिपणी: नाव, तिथी, वार, किती घटका दिवस आला होता तेव्हा जन्म. अशा अकरा नोंदी होत्या. कुटुंबाला आपल्या आजोबांची भावंडे सातच ठाऊक होती. उरलेल्या चौघांपुढे आत्याबाईंनी एकेकच शब्द लिहिला होता. तिघांपुढे 'गेला' आणि एकीपुढे 'गेली'.

ओसरीवर कोणी बोलेना. ज्यांनी गाठोडे आणले होते ते गृहस्थ पन्नाशीचे, एका मोठ्या कारखान्यात जबाबदारीच्या जागेवर. त्यांनी बाड मिटले, पुन्हा उघडले आणि म्हणाले, "बुवा, हे पाण्यात टाकता येणार नाही." मी म्हटले, "मग मंत्राचे काम झाले."

छायाचित्राचे काय झाले तेही सांगतो, कारण या लेखाचा अर्धा विषय त्यात आहे. चित्रात नऊ माणसे. पाठीमागे छायाचित्रकाराच्या दुकानाचा पुसट शिक्का, नाव एकाचेही नाही. पुढे बसलेली परकरातली मुलगी कोण, हे कोणास सांगता येईना. कुटुंबातील सर्वांत वडील व्यक्ती, या गृहस्थांची चुलत आजी, सोलापुरास मुलीकडे होती, वय ९१. दुसऱ्याच दिवशी मंडळी तेथे गेली. नातवाने मोबाइलवर चित्र मोठे करून दाखविले, दुसरा मोबाइल ध्वनिमुद्रणासाठी शेजारी ठेवला. म्हातारीने चष्मा पुसला आणि बोट ठेवून एकेकाचे नाव सांगितले. परकरातल्या मुलीपाशी बोट थांबले. "ही माझी थोरली नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ही नव्हतीच. सासूबाई हे चित्र दिव्याच्या दिवशी बाहेर काढत आणि हिच्या तोंडावरून हात फिरवीत." बाडातील 'गेली' ती हीच. त्या पौषात आजीबाईही गेल्या. चार महिने उशीर झाला असता तर ती मुलगी कायमची अनामिक झाली असती.

आता मूळ विषयाकडे वळतो. घरची जुनी कागदपत्रे, पोथ्या, चित्रे आणि वस्तू यांची आधुनिक यंत्रांच्या साहाय्याने प्रतिमा करून ठेवण्याची लाट सध्या आली आहे. तिला संगणकीकरण म्हणा, अंकीकरण म्हणा. आमच्या पिढीतील काही मंडळींना हे उपरे वाटते. पोथीला यंत्राखाली घालणे त्यांना पाखंड वाटते. मला तसे वाटत नाही. आपली सारी परंपरा नकलेवरच जगली आहे. वेदांचे रक्षण तर लेखणीशिवाय झाले; पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी तेच शब्द उलट-सुलट गुंफून म्हणावयाचे, म्हणजे एखादे अक्षर गळाले तर दुसऱ्या पाठात ते पकडले जावे. एकाच ठेव्याच्या अनेक प्रती, त्या अनेक माणसांच्या ठायी, आणि त्यांचा एकमेकांशी पडताळा, हे तत्त्व आपल्याला नवे नाही.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवासे येथे सिद्ध झाली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे तीनशे वर्षांत नकलांवर नकला होताना पाठ बिघडले. तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या नाथमहाराजांनी प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. तुकोबांच्या अभंगांची कथा याहून बोलकी आहे. मुंबई सरकारने २४,००० रुपयांचे साहाय्य दिले आणि १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा निघाली, ती देहू, तळेगाव, कडूस आणि आमचे पंढरपूर येथील हस्तलिखितांवरून. पुढे ठाण्याच्या वि. ल. भावे यांनी संताजी तेली जगनाड्यांच्या वहीवरून अभंग छापले. संताजी काही राजदरबारचे लेखनिक नव्हते. वही त्यांच्या वंशजांनी जपली म्हणून मिळाली. त्या घरी कोणी दसऱ्याच्या झाडलोटीत ती नदीला अर्पण केली असती तर? विचार करवत नाही.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे पत्र्याची पेटी घेऊन गावोगाव का हिंडले, याचेही उत्तर हेच. वाईत सापडलेल्या कागदांतून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला आणि त्यांच्या हातून पुढे असे बावीस खंड झाले. ते कागद कोणाच्या तरी घरचेच होते. ज्याला आपण 'आमच्या घरचे किरकोळ कागद' म्हणतो त्यांतच एखाद्या दुष्काळाचा भाव, एखाद्या पुराची तारीख, एखाद्या देवळाच्या जीर्णोद्धाराचा खर्च दडलेला असतो. २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधासाठी शासनाने जुनी दप्तरे चाळावयास घेतली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची केवढी टंचाई भासली हे सर्वांनी पाहिले आहे.

कागद कसा जपावा हे आपल्याला समर्थांनी सांगून ठेवले आहे, आणि दासबोधाची नित्य पारायणे करणाऱ्यांपैकीही थोड्यांचेच तिकडे लक्ष जाते याचे मला नवल वाटते. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर सुटे, वाटोळे, सारखे असावे; तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येत नाही; पानाभोवती जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही; ग्रंथांसाठी बासने, मेणकापडे, पेट्या, कुलपे यांची सिद्धता असावी, इतका बारकावा त्यात आहे. धुळ्याच्या शंकरराव देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मठोमठी फिरून गोळा केली आणि त्यांच्यासाठी १९३५ मध्ये धुळ्यात जे स्थान उभारले त्याला नावच 'वाग्देवता मंदिर' दिले. आपल्या जैन बांधवांची कार्तिक शुद्ध पंचमी, ज्ञानपंचमी, हीही लक्षात घेण्याजोगी आहे. त्या दिवशी भांडारांतील ग्रंथ बाहेर काढून झाडून-पुसून पूजिले जातात. पावसाळा संपतो, हवा कोरडी होते, पुस्तकातील दमट वास जातो. पूजा आणि जतन एकाच कृतीत साधले आहे. आपल्या दसऱ्याचा काळही तसाच आहे. फक्त गाठ सोडावयाची आहे.

गाठ सोडताना काही गोष्टी सांभाळाव्यात. ओले गंध आणि हळदकुंकू पानावर वाहू नये; त्याचे डाग जात नाहीत आणि ओलीने बुरशी धरते. फूल बासनावर किंवा शेजारी ठेवावे, देवी रुष्ट होणार नाही. निरांजन पोथीपासून दूर असावे. पाने चिकटली असतील तर नखाने उचकटू नयेत. फाटलेल्या कागदावर सेलोटेप लावणाऱ्याला मी क्षमा करू शकत नाही. काही वर्षांत ती पट्टी पिवळी पडून सुटते आणि तिचा तेलकट डाग अक्षरासह कागदात मुरतो. प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेशन करणे त्याहूनही वाईट, कारण ते परत काढता येत नाही. एक विरोधाभास पाहा: हातकागदावरची दोनशे वर्षांची पोथी पुष्कळदा मऊ, लवचीक असते, आणि यंत्रकागदावरचे शंभर वर्षांचे पुस्तक पान उलटताच तुटते. त्या यंत्रकागदात आम्ल असते, ते त्याला आतून जाळते. तेव्हा 'हे तर अलीकडचे' म्हणून आजोबांची पत्रे मागे ठेवू नयेत. त्यांचीच पाळी आधी आहे.

प्रतिमा घेण्यास फार खर्च लागत नाही. सपाट कागदासाठी स्कॅनर उत्तम. इंचाला ३०० बिंदू पुरतात, लहान छायाचित्रास ६०० ठेवावेत. शिवलेल्या बाडाला किंवा ठिसूळ पोथीला मात्र स्कॅनरच्या काचेवर दाबू नये. खिडकीपाशी, ऊन थेट पडत नसेल अशा उजेडात, पान सपाट मांडून बरोबर वरून मोबाइलने चित्र घ्यावे. झगझगीत फ्लॅश नको. कागदाच्या दोन्ही बाजू घ्याव्यात, कोरी दिसली तरी. पत्राचा लिफाफा आणि टपालाचा शिक्काही घ्यावा. पोथीची पाने सुटी असतात, त्यांचा क्रम चित्रे घेण्याआधी लावावा. पानाच्या समासात आकडा असतो तो पाहावा. आणि घेतलेली चित्रे भाऊबंदांना व्हॉट्सॲपवर साध्या छायाचित्रासारखी धाडू नयेत. त्या प्रवासात त्यांचा तपशील झडतो. धाडावयाची तर डॉक्युमेंट म्हणून धाडावीत.

खरी अडचण यापुढे आहे. माझ्या ओळखीच्या एका घरी मुलाने हौसेने चार हजार चित्रे काढली. त्यांची नावे यंत्राने दिलेले लांबलचक आकडे. कोणते पान कोणत्या बाडातले, कोणाचे पत्र कोणाला, काहीही लिहिलेले नाही. माळ्यावरचे बासन होते तसेच हे नवे बासन. फक्त आता ते खिशात मावते आणि तितकेच न उघडलेले आहे. प्रत्येक चित्रामागे दोन ओळींचे टिपण हवे: काय आहे, कोणाचे आहे, कोठे सापडले, कोणी ओळखले. पूर्वीचे लेखक पोथी संपली की शेवटी आपले नाव, गाव, शक, संवत्सर, तिथी लिहीत. कोणासाठी लिहिली तेही सांगत. आणि तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून आणि मूर्खाच्या हातापासून या पोथीचे रक्षण करा, अशी विनवणी पोथीच्याच तोंडी घालीत. आपल्या टिपणीतही हे सारे यावे. चौथ्या संकटाविषयी काय लिहावे ते ज्याचे त्याने ठरवावे!

जुन्या कागदांवरील काळ वाचतानाही जपावे लागते. पोथी बहुधा बालबोध लिपीत आणि शकात असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. व्यवहाराचे कागद मोडीत असतात आणि त्यांवर फसली किंवा सूरसन असू शकतो. आपल्याकडच्या फसलीत ५९० आणि सूरसनात ५९९ मिळवावे लागतात; दोन्ही वर्षे मृगापासून सुरू होतात, म्हणून एखाद्या वर्षाचा फरक पडतो. सूरसन तर अरबी शब्दांत लिहीत. 'इसन्ने सितैन मया व अलफ' असे दिसले तर तो मंत्र नव्हे. दोन, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६२, म्हणजेच इसवी सन १७६१-६२. पानिपतानंतरचे पहिलेच वर्ष! एका कुटुंबाने अशा कागदाला कोणाच्या तरी सांगण्यावरून 'फारसी तावीज' समजून वर्षानुवर्षे ऊद दाखविला होता. मोडी शिकविणारे वर्ग आज अनेक गावी चालतात. घरातील एकाने तरी शिकावे. तोवर न वाचलेल्या कागदालाही टिपण करता येते: 'मोडी, चार बंद, एक शिक्का, वाचावयाचे आहे.'

या प्रती ठेवाव्यात कोठे? एकाच मोबाइलमध्ये ठेवणे म्हणजे सारे दागिने एकाच डब्यात घालून तो डबा यात्रेत नेण्यासारखे आहे. तीन प्रती कराव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि एक दुसऱ्या गावी असावी. हे आम्हां नदीकाठच्या लोकांना पटवून द्यावे लागत नाही. उजनी आणि वीर धरणांचे पाणी सुटले की चंद्रभागेचे पात्र कोठवर येते ते आम्ही पाहतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पाणी शिरले तेव्हा, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात, किती घरांच्या पेट्या चिखलात गेल्या! एक प्रत मुंबईच्या भावाकडे, एक अमेरिकेतील मुलीकडे असली तर नदी त्या सर्वांकडे एकदम जाणार नाही. भिजलेला कागद मात्र उन्हात टाकू नये. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, कोरा टीपकागद बदलत वाळवावा. आणि पेनड्राइव्ह म्हणजे ताम्रपट नव्हे. तो काही न बोलता बंद पडतो. क्लाउड म्हणतात त्या दूरच्या कोठारात ठेवावयाचे तर त्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, घरातील दोघांना ठाऊक असावी. किल्लीवाला गेला की कोठारही जाते.

चित्र झाले म्हणून मूळ टाकून द्यावे काय, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. नाही. चित्रात कागदाची जात, शाईची जाडी, शिवणीचा दोरा, पानात राहिलेला केवड्याचा तुकडा येत नाही. घरी जागा नसेल तर सार्वजनिक संग्रहांना विचारावे. पुण्यास १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१७ पासून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. केंद्र शासनाने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' या मोहिमेखाली एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या पाहणीचा व जतनाचा संकल्प सोडला. तथापि शासनाची मोहीम पोथीपर्यंत येईल. आत्याबाईंच्या बाडापर्यंत येईल असे नाही. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचेच पाहा. यजमान क्षेत्री आला की त्याचे नाव, गाव, वंशावळ लिहून घेण्याची आपली पद्धत. हरिद्वार येथील पंड्यांच्या अशा वह्यांची सूक्ष्मचित्रे १९७७ पासून अमेरिकेतील यूटा प्रांताच्या वंशावळी संस्थेने घेतली. साता समुद्रांपलीकडच्या माणसांना आपल्या वह्यांचे मोल कळले, याचा आनंदही होतो आणि थोडी खंतही वाटते.

सारेच सर्वांसमोर मांडावे असेही नव्हे. घरच्या कागदांत कर्ज असते, दत्तकाचा वाद असतो, एखाद्या सुनेने माहेरी लिहिलेले आणि टपालात न पडलेले पत्र असते. प्रत करावी, पण शेदोनशे नातलगांच्या गटावर पसरविण्यापूर्वी ज्यांचा त्या मजकुराशी संबंध आहे अशा जिवंत माणसांना विचारावे.

वस्तूंविषयी थोडे. टाक, अडकित्ता, चंची, पगडी, आजीची फणीकरंड्याची पेटी यांची चित्रे घेताना शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि वस्तू ज्याच्या हातात शोभली त्याची एक आठवण लिहावी. आठवण नसेल तर अडकित्ता हा केवळ अडकित्ता असतो.

आणि आवाज. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. १९८० च्या दशकात गावोगाव श्रोते कीर्तनाला टेपरेकॉर्डर घेऊन येत. झांज वाजली की बटण दाबल्याचा खटका मला आसनावरून ऐकू येई. माझ्या वडिलांची पूर्वरंगातील निरूपणे अशाच बावीस कॅसेटींत आहेत. त्यांनी स्वतः एकही मुद्रित करून घेतली नाही. त्या श्रोत्यांकडून मिळाल्या. त्यांतील चौदा मी संगणकावर उतरवून घेतल्या आहेत. ज्यांना हे करावयाचे असेल त्यांनी प्रथम कॅसेटीच्या मागच्या कडेचे दोन कान मोडावेत, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरे काही मुद्रित होत नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नये. बुरशी यंत्रातून दुसऱ्या कॅसेटीला लागते, ते काम जाणत्याकडे द्यावे. चांगली फीत एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण फिरवून मगच लावावी. नीट चालणारे टेपरेकॉर्डर आता दुर्मीळ होत चालले आहेत आणि ते दुरुस्त करणारे हात त्याहून दुर्मीळ. म्हणून कागदाला दहा वर्षे थांबविता आले तरी फितीला थांबवू नये. उतरविताना खोकला, मुलांचे रडणे, मध्येच कोणी 'माउली, पाणी' म्हणून दिलेली हाक गाळू नये. वडिलांच्या एका कीर्तनात ऐन आख्यानात वीज गेल्याचे ऐकू येते. पेटी थांबते, श्रोते कुजबुजतात, आणि अंधारात वडील तोच श्लोक पुन्हा पहिल्यापासून, अधिक सावकाश म्हणू लागतात.

उरलेल्या आठांपैकी सहांना बुरशी आहे. त्या नवरात्रानंतर पुण्यास एका जाणकाराकडे न्यावयाच्या आहेत. त्याआधी यंदाच्या दसऱ्याला पाटावर पाटी आणि पोथ्यांबरोबर त्या बावीसही कॅसेटी मांडणार आहे, आणि संगणकावरील चौदांपैकी प्रत्येक थोडी थोडी लावून पाहणार आहे. उघडते आहे ना, ऐकू येते आहे ना, याची ही वार्षिक पाहणी मी आता पूजेच्या विधीतच धरली आहे. आरतीनंतर आणि सोने लुटावयास बाहेर पडण्यापूर्वी. नातू यंत्रापाशी बसतो, मी टिपणवही घेऊन बसतो, आणि जेथे वडिलांनी उच्चारलेले नाव आम्हां दोघांनाही ओळखता येत नाही तेथे समासात फुली करून गल्लीतील जुन्या माणसांकडे विचारावयास जातो.